खिडकीशिवायचे गज

त्रिभुवनमामांनी आपल्या बायकोला, म्हणजे बाईंना, कोंडायला घरातच गज बसवलेत, ही बातमी बेलापुरात निघाली ती आमच्याच ओट्यावरून. निघाली तेव्हा ती एवढी वाईट नव्हती. माझी आजी गोजरबाई समोरच्या घरी हळद मागायला गेली आणि परत येऊन एवढंच म्हणाली, "आगं, भितीला गज बसवलेत. पांढरेफेक. आन् मागं खिडकीच न्हाई!" दुपारपर्यंत गिरणीत ती बातमी 'रिटायर झाल्यापासून मामांचं डोकं फिरलंय' इथवर पोचली. बाजाराच्या दिवशी सोनईचा एक कांदेवाला खुद्द आजीलाच सांगत होता, की तुमच्या बेलापुरात म्हणे कारखान्यातल्या एका माणसानं बायकोसाठी घरात लॉकअप केलंय, आत पाण्याची सोय हाय. आजीनं तोंडाला पदर लावला, "व्हय का? काय बाई मानसं!" म्हणाली, आणि घरी येऊन मलाच विचारलं, "कोन गं त्यो मेला?"

खरं एवढंच, की गज होते, पांढरे होते, मागं खिडकी नव्हती, आणि पाण्याची सोय तर होतीच. पाणी त्या गजांच्या पोटातच होतं. मामांना कोंडायचं होतं हेही खरं, फक्त कोंडायची होती ती ऊब. बाई तर त्या दिवशी आजीला हळद द्यायला स्वतः दारापर्यंत आल्या होत्या. आजीनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बातमीत राहिलं काय असतं?

अब्राहाम त्रिभुवन, म्हणजे आख्ख्या गल्लीचे मामा, साखर कारखान्यात बॉयलरवर छत्तीस वर्षं होते. बॉयलरशेजारी उभं राहून कुजबुजता येत नाही. त्यामुळे मामा घरात मीठ मागतात ते चौथ्या घरापर्यंत कळतं. वाक्य संपलं की उजव्या हाताची मूठ वळून, चावी पिळल्यासारखी अर्धा फेरा फिरवून ते विचारतात, "काय म्हणतो मी?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. वाक्य गळू नये म्हणून ते घट्ट केलेलं असतं. जगातल्या कुठल्याही अडचणीला त्यांच्याकडं दोनच कारणं आहेत. एकतर कुठंतरी प्रेशर जास्त झालंय, नाहीतर लाईनला उतार नाही. सरपंचाचं पॅनेल पडलं ते उतार नसल्यानं, आणि माझ्या आजीचं तोंड चालतं ते प्रेशरनं.

आता उसाचं गाळप चालतं ते नेमकं थंडीत. म्हणजे छत्तीसच्या छत्तीस हिवाळे मामांनी बनियनवर काढले. नाताळच्या सकाळी ते रात्रपाळी संपवून तसेच चर्चमध्ये यायचे, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखे. शेजारचा माणूस त्यांच्याकडं सरकून बसायचा. मामांना वाटायचं, मंडळीत प्रेम वाढलंय. चर्चसुद्धा त्यांना गरमच वाटायचं.

पुढं पेटीवर बाई असायच्या. मरियाबाई त्रिभुवन, प्राथमिक शाळेतल्या बाई. आमच्या गल्लीतले अर्धे लोक त्यांच्या हातची छडी खाऊन मोठे झाले, त्यामुळे सगळे त्यांना बाई म्हणतात. मामाही बाईच म्हणतात. लग्नाआधीपासून नाताळच्या उपासनेला पेटी त्यांचीच. उपासनेला निघण्याआधी बाई चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायच्या आणि गार झाला की मोरीत ओतून द्यायच्या. मामांनी हे इतकी वर्षं पाहिलं आणि त्यावरून एक पक्का निष्कर्ष काढला, की बाईंना चहा आवडत नाही.

मामा रिटायर झाले आणि पहिल्याच डिसेंबरात त्यांना थंडी वाजली. आयुष्यात पहिल्यांदा. दोन स्वेटर, वर कानटोपी, खाली गोणपाट, असे ते सकाळी ओट्यावर उभे होते आणि आमच्या घरात ऐकू गेलं,

"बाई! हे दरवर्षी असतं का?"

"दरवर्षी," बाई आतून म्हणाल्या.

"मंग मला कुनी सांगितलं कसं न्हाई?"

"तुम्ही घरी कधी होतात?"

त्यानंतर बराच वेळ समोरच्या घरातून काही ऐकू आलं नाही. आजी म्हणाली, "मामा आजारी हाय वाटतं."

त्याच नाताळला ते झालं. बाईंची बोटं वर्षभर दुखत होतीच, सांधे सुजायचे. त्या सकाळी बाहेर नऊ डिग्री होतं. दुसरं कडवं संपलं आणि तिसऱ्याला बाईंची बोटं उघडलीच नाहीत. पेटी थांबली, मंडळी पुढं गेली, आणि मग मंडळीही एकेक करत थांबली. मार्क नावाचा बारावीतला मुलगा कीबोर्ड घेऊन बसला होता. त्यानं एक बटण दाबलं. ते बटण ढोलकीचं निघालं. त्या दिवशी तारणाऱ्याचा जन्म लग्नाच्या वरातीच्या तालावर झाला. लोक नंतर "छान झालं, छान झालं" म्हणाले, आणि बाईंनी घरी येऊन पेटीवर भरतकामाचा रुमाल टाकला, त्यावर लोणच्याची बरणी ठेवली.

डॉक्टरांनी सांगितलं, हात उबेत राहायला हवेत; नुसते हात नाहीत, सगळं अंग. शेगडी पेटवली तर बाईंना खोकला यायचा. विजेच्या हिटरनं एक पोटरी भाजायची आणि दुसरी गारच राहायची, आणि सकाळी सहाला लाईट जायची ती नऊला यायची. या वर्षी पाळकसाहेबांनी दिवाळीतच विचारलं, "बाई, यंदा पेटी?" बाई म्हणाल्या, "एकवीस डिसेंबरला सांगते. नाही म्हणाले तर मार्कला वाजवू द्या." मामा तिथंच उभे होते. ते काही बोलले नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मामांनी छत्तीस वर्षं जगाला वाफ पुरवली होती, आणि घरी बायको चहाच्या कपावर हात शेकत होती. हे त्यांना कळायला वेळ लागला, पण कळल्यावर त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. ते टेप घेऊन खोल्या मोजायला लागले.

थंड देशांत घरं कशी गरम ठेवतात ते त्यांनी मोबाईलवर पाहिलं. एक बॉयलर, त्यातून नळ्या, नळ्यांतून गरम पाणी, आणि खोलीखोलीत भिंतीला रेडिएटर. मामा इतके खूश झाले, की त्यांनी आमच्या आजीला बोलावून दाखवलं.

"रेडिएटर? ट्रॅक्टरला असतो त्यो?" आजी म्हणाली.

"त्योच. फक्त त्यो विंजिन गार करतो, ह्यो मानूस गरम करनार."

"मंग ट्रॅक्टरचाच बसवा की. आमचा पडून हाय गोठ्यात."

पुण्याच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी फोन लावला. फोन स्पीकरवर असायची गरज नसते, मामा आपली बाजू बोलतात आणि दुसरी बाजू त्यांच्या भीतीनं जोरात बोलते.

"सर, बंगला कुठं आहे आपला? मनाली का महाबळेश्वर?"

"बेलापूर!"

"नवी मुंबई. बरं बरं."

"नवी मुंबई न्हाई! श्रीरामपूरशेजारचं बेलापूर!"

मग तो माणूस फार हळुवारपणे म्हणाला, "सर, त्या भागात आम्ही एसी देतो."

पण देणाऱ्यापेक्षा घेणारा जिद्दी होता. एका थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलानं रद्द केलेल्या मालातून पोलादी नळ्यांचे रेडिएटर मिळणार होते. निवडायला मामा स्वतः पुण्याला गेले, पाना खिशात घालून. व्यापाऱ्यानं आधी सपाट पत्र्याचा दाखवला. "दिसायला एकदम स्लिम, सर." मामा म्हणाले, "आत काय चाललंय दिसत न्हाई. नळीला नळी दिसली पायजे." मग त्यानं अ‍ॅल्युमिनियमचा दाखवला. "वेल्डिंग कोन करनार? तू येशील?" मग बाथरूमचा दाखवला, टॉवेल वाळत घालायचा. "आमच्याकडं दोरी हाय." शेवटी पोलादी नळ्यांचा आला. मामांनी खिशातून पाना काढला आणि प्रत्येक नळीवर एकेक टोला हाणून, मान तिरकी करून ऐकलं. अकराव्या नळीला त्यांचा चेहरा पडला. "ही आजारी हाय." व्यापारी हसला. पाणी भरून पाहिलं, तर अकरावीच्या बुडाशी घाम फुटलेला. त्यानंतर तो व्यापारी मामांना 'सर'ऐवजी 'साहेब' म्हणायला लागला.

मामांनी दोन घेतले. बैठकीसाठी नळ्यांच्या तीन ओळींचा, बुटका आणि लांब. निजायच्या खोलीला दोन ओळींचा, उंच. ओळी जास्त तितकी ऊब जास्त, पण तितकं पाणीही जास्त, तितकं सरपणही जास्त. हे सगळं त्यांनी कागदावर मांडलं होतं. भिंती किती, स्लॅब किती, खिडक्या किती, त्यातून किती ऊब निसटणार. व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, रेडिएटर खिडकीखाली लावा, गारवा तिथूनच येतो. पण आमच्याकडं खिडकीखाली दिवाण असतो, आणि दिवाण हलवायचा म्हणजे त्याखालच्या गोधड्या, पितळी भांडी आणि मामांचे कारखान्याचे बूट हलवायचे. शिवाय पेटी होती समोरच्या कोपऱ्यात. ऊब लागणार होती ती पेटीला. म्हणून लांब रेडिएटर गेला पेटीशेजारच्या कोऱ्या भिंतीवर, आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरची वाट बघणाऱ्या आमच्या आजीला तिथं गज दिसले.

बसवायला कानिफनाथ आला. तो तिसगावचा, बेलापुरात त्याचं खिडक्या-फाटकं बनवायचं दुकान आहे. गजाकडं बघून तो हळहळला.

"मामा, लई भकास दिसतंय. मधी एक कमळ टाकू का?"

"पानी कुठून जाईल मंग?"

"मोर टाकतो. पिसाऱ्यातून जाईल."

"कानिफ, हे खिडकीचं काम न्हाई!"

"तेच म्हनतो मी, मामा. खिडकी कुठंय?"

भिंत जुन्या विटांची. पहिला ब्रॅकेट ठोकला तो प्लास्टरसकट हातात आला. कानिफनाथ म्हणाला, नुसता रेडिएटर तरी कसाबसा राहील, पण पाणी भरल्यावर भिंतच घेऊन खाली येईल. मग त्यानं कपाटाला करतात तसे पाय केले आणि भिंतीला फक्त टेकण दिलं. मागच्या अंगणात लाकडांवरचा मोठा बंब, त्यातून जाड नळ्या, स्लॅबवर एक दुधाची कॅन. गरम पाणी फुगतं, त्याला वर जायला जागा हवी, म्हणून कॅन. पंप नाही, कारण लाईट नाही. गरम पाणी आपोआप वर जाईल, गार आपोआप खाली येईल. "फक्त उतार पायजे," मामा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या या वाक्याला अर्थ होता. दोन दिवस ते उतार बघायची पाणसळ घेऊन नळ्यांखाली आडवे होते.

लाईन तपासायच्या दिवशी त्यांनी गल्ली रिकामी करायला लावली. हातपंपानं प्रेशर चढवलं, शिटी वाजवली, काट्याकडं बघत एक तास उभे राहिले. मग वहीत वेळ लिहून बाईंपुढं धरली.

"सही करा. इन्स्पेक्टर."

"मला यातलं काय कळतं?"

"इन्स्पेक्टरला पन कळत न्हाई. करा."

डिसेंबरच्या पाच तारखेला, सकाळी सातला, बंब पेटला. मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं लालभडक. आणि गजांच्या पोटातून आवाज आला. गुळुक. गुळुक. मग टक्. मग म्हशीनं उसासा टाकावा तसा लांब, ओला आवाज. आम्ही सगळे दारात. आजी गंभीर झाली. "पोट फुगलंय. आमच्या कपिलेला असंच झालतं. गोडंतेल पाजा."

"हवा हाय आत," मामा म्हणाले. त्यांनी खिशातून बोटाएवढी किल्ली काढली आणि रेडिएटरच्या खांद्यावरचा छोटा स्क्रू फिरवला. फुस्स करून हवा सुटली, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी, आणि गज शांत झाले.

"बघा," आजी म्हणाली, "मी काय वेगळं सांगितलं?"

गज तापले. हात ठेवला तर उचलावा लागत होता. आणि भिंतीवर मामांनी लावलेला, कोंबड्यांच्या शेडमधला थर्मामीटर सोळावर बसून राहिला. आठ वाजले, सोळा. नऊ वाजले, सोळा. मामांनी त्याला टिचकी मारली. कागद काढला. कागदाप्रमाणं बावीस व्हायला हवं होतं.

त्या वेळी मी त्यांच्याच ओट्यावर पोरींना मामांची नक्कल करून दाखवत होते. मूठ फिरवून "काय म्हणतो मी?" म्हटलं आणि पोरी हसायच्या थांबल्या, म्हणून मागं वळून बघितलं. मामा उभे होते.

"आवाज बरा हाय," ते म्हणाले. "प्रेशर कमी हाय. पोटातून काढ."

"मामा, तुमचा पारा काही चढायचा नाही."

"नाताळाच्या आत बावीस. लाव पैज."

पैज लागली. पारा बावीसला पोचला तर मी पुढच्या नाताळापर्यंत मामांचा आवाज काढायचा नाही. नाही पोचला तर मी सगळ्या मंडळीसमोर त्यांची नक्कल करणार, आणि मामांनी पहिल्या बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. मी निवांत होते. मला दिसत होतं ते मामांना दिसत नव्हतं. मी त्या वेळी त्यांच्या उघड्या दारात टेकून उभी होते.

मामांनी कागदावर भिंती मोजल्या, स्लॅब मोजला, खिडक्यांच्या काचा मोजल्या. दाराच्या जागी त्यांनी भिंतच धरली होती. दार म्हणजे लावायची वस्तू, असं त्यांना वाटलं. छत्तीस वर्षं दिवसा घरी नसलेल्या माणसालाच असं वाटू शकतं. आमच्याकडं पुढचं दार सकाळी झाडलोट करताना उघडतं ते निजानीज होताना लागतं. मधे ते नसतंच. त्यातून कोंबडी येते, आजी येते, लाईटबिलवाला येतो, ऊन येतं.

सहा तारखेला मामांनी दार लावलं. पाचच मिनिटांत आजीनं ते बडवलं.

"बाई! ओ बाई! बऱ्या हायेत ना?"

"बरी आहे, गोजरबाई."

"मंग दार लावून मटन खाताय का आमाला सोडून?"

दार उघडून, आत येऊन, तिन्ही पातेल्यांची झाकणं उचलून आजीनं खात्री केली. पारा चौदावर आला. सात तारखेला मामांनी पुन्हा दार लावलं. दहा वाजता हळूच टकटक झाली. दारात काकासाहेब, कारखान्याच्या वजनकाट्यावरचे मामांचे जुने सोबती. पांढरी टोपी, हात जोडलेले, नजर जमिनीवर. आत येऊन ते सतरंजीवर बसले आणि काहीच बोलले नाहीत. बंबापाशी घामाघूम झालेले मामाही बनियनवर तसेच बसले. बऱ्याच वेळानं काकासाहेब दबक्या आवाजात म्हणाले,

"कधी झालं?"

"सकाळी सातला पेटवलं," मामा म्हणाले.

काकासाहेबांनी दचकून वर बघितलं. "आमाला कळवायचं तरी! एवढी घाई?"

"उशीर केला तर तापत न्हाई."

तेवढ्यात बाई चहा घेऊन बाहेर आल्या. काकासाहेब जे उठले ते टोपी सावरत फाटकापर्यंत गेले, आणि मग तिथं उभं राहून मामांना शिव्या देऊ लागले. दिवसा दार लावायचं ते घरात कुणी गेल्यावर, एवढी साधी रीत ह्या मानसाला ठाऊक न्हाई! आदल्या दिवशीच्या बंद दाराची बातमी ऐकून बिचारे चार कोस सायकल मारत आले होते.

मग लोकांना गजांचा उपयोग कळला, आणि ते जास्त वाईट झालं. आजीनं दह्याचं पातेलं आणून टेकवलं, कारण थंडीत दही लागत नव्हतं. सोळा नंबरच्या घरातून ओला युनिफॉर्म आला. कुणी टोपलीत कोंबडीची पिल्लं आणून ठेवली. तीन ओळींचा तो रेडिएटर या पसाऱ्याखाली गुदमरून गेला, आणि प्रत्येक गिऱ्हाईक दारातून यायचं. पारा सतरा, अठरा, सोळा. मामांनी दारावर पाटी लावली, 'दार लावा'. ती वाचायला लोक दार उघडून उभे राहायचे.

वीस तारखेच्या दुपारी बाईंनी लोणच्याची बरणी उचलली, रुमाल काढला. मामा स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे होते. बाईंनी भाता ओढला. पहिली ओळ आली. तिसऱ्या ओळीला करंगळी वाकली ती सरळ झाली नाही. त्यांनी हात मांडीवर घेऊन चोळले आणि पेटी मिटली. बरणी पुन्हा जागेवर.

मामा म्हणाले, "अजून एक रेडिएटर बसला तर..."

"राहू द्या आता."

"बाई, मी दार धरलं नव्हतं हिशेबात."

हे वाक्य त्यांनी हळू म्हटलं. मी ओट्यावर होते, आणि मला ते जेमतेम ऐकू आलं. मामांचा तो आवाज मला आजही काढता येत नाही. पैज नसती तरी आला नसता.

बाई शाळेत उठायच्या तशा उठल्या. "मार्कला निरोप द्या. आजची गायनाची तालीम इथं घेऊ. वाजवणार असेल तर निदान तिसरं कडवं तरी नीट शिकवून जाऊ द्या मला. ती ढोलकी नको."

संध्याकाळी सहाला गायनमंडळ आलं. पोरं, त्यांच्या आया, पोरांची धाकटी भावंडं. ते आले म्हणून आम्ही आलो. कानिफनाथ आपलं काम बघायला आला. काकासाहेबसुद्धा आले, कुणी गेलं नाही याची खात्री करून. बारा बाय चौदाच्या बैठकीत पस्तीस-चाळीस माणसं मांडीला मांडी लावून बसली. सगळ्यात शेवटी आजी, उघड्या दाराकडं पाठ करून. पहिलं गाणं झालं आणि ती ओरडली,

"पाठीत गार वारं शिरतंय! कुनाच्या बापाचं दार हाय हे?" आणि तिनंच ते ढकलून दिलं, वर कडी घातली.

कुणी वाजवलं नाही. दार वाजवणारे सगळे आत होते.

थर्मामीटर माझ्या डोक्यावर होता. अठरा. पुढचं गाणं, एकोणीस. पोरांनी कानटोप्या काढल्या. वीस. आयांनी शाली काढून गजांवर टाकल्या, मामांनी त्या एकेक करून उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवल्या. एकवीस. मामांची नजर पाऱ्यावरून हलत नव्हती, ओठ हलत होते, पण गाण्याचे शब्द नव्हते ते. मार्क तिसऱ्या कडव्याला पोचला आणि अडखळला. परत अडखळला.

"अरे, तिथं दम घ्यायचा असतो," बाई म्हणाल्या. "सरक." त्यांनी बरणी खाली ठेवली.

पेटी सुरू झाली. तिसरं कडवं आलं, गेलं, आणि चौथं सुरू झालं. बाईंची करंगळी वाकली आणि सुटली, वाकली आणि सुटली. घामानं त्यांचं कपाळ चमकत होतं. मी वर बघितलं. पारा बरोबर बावीसच्या रेघेवर होता.

मी मामांकडं बघितलं. पंधरा दिवस ज्या काचेच्या नळीवरून त्यांचा डोळा हलला नव्हता, तिच्याकडं त्यांची पाठ होती. ते पेटीकडं बघत होते. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. दार उघडलं की पारा खाली येणारच होता. पण माझं तोंड आजीवर गेलंय.

"बावीस!" मी ओरडले.

मामा वळलेही नाहीत. हातानंच मला दटावलं, गप, पेटी चाललीय.

एकवीस तारखेला बाईंनी पाळकसाहेबांना 'हो' कळवलं. नाताळच्या सकाळी मामांनी चारलाच बंब पेटवला, आणि दार उघडू नये म्हणून आजीला रात्रीच आत बोलावून घेतलं होतं. बाई दोन तास गजांशेजारी बसल्या, मग हात शालीत गुंडाळून पन्नास पावलांवरच्या चर्चमध्ये गेल्या. निघण्याआधी मामांनी चहा दिला. बाईंनी तो गरम गरम पिऊन टाकला. मामा रिकाम्या कपात बघत राहिले. चारही कडवी झाली. मार्कनं फक्त शेवटी एक बटण दाबलं, ते घंटेचं निघालं.

दुसऱ्या दिवशी मी मामांना गाठलं. "मामा, ही पैज धरता येणार नाही. तुमच्या रेडिएटरनं नाही, माणसांनी पारा चढवला. चाळीस माणसं होती आत."

मामांनी कागद काढला. त्यात आता दार होतं, आणि त्याखाली माणसंही होती. "एक मानूस शंभर वॅट," ते म्हणाले. "चाळीस मानसं, चार हजार. माझ्या दोन्ही रेडिएटरपेक्षा जास्त. मान्य हाय मला."

"मग?"

"पैज काय हुती? पारा बावीसला लागायची. कुनी लावला हे ठरलं हुतं का?" मूठ वळली आणि अर्धा फेरा फिरली. "काय म्हणतो मी?"

मी हरले. तेव्हापासून लग्नात, गॅदरिंगला, ओट्यावर, लोक म्हणतात, "निकिता, मामा कर की," आणि मी ओठांवर बोट ठेवते. पुढच्या नाताळापर्यंत मामांचा आवाज माझ्या तोंडून निघणार नाही. शब्द म्हणजे शब्द. पण पैज आवाज न काढायची होती. वहीत लिहायचं नाही, असं कुठं ठरलं होतं? काय म्हणते मी?